क्रूझच्या आदल्या दिवशी मुंबईत: कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

एसटी चुकली तर मागून दुसरी येते, आणि कंडक्टर ओळखीचा असला तर हात केल्यावर थांबतेसुद्धा. आपली प्रवासाची सवय अशी घडलेली. जहाजाला हात करून चालत नाही. तिकिटावर संध्याकाळी पाचची वेळ असली, तरी चेक-इन त्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. मग धक्क्यावर उभं राहून जहाज बघत बसायचं, रंकाळ्यावर बसतो तसं.

सगळ्यात मोठी चूक महालक्ष्मी एक्सप्रेसच्या भरवशावर होते. रात्री कोल्हापुरात बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि दुपारी जहाजात. कागदावर हिशोब चोख दिसतो. पण एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबलेली गाडी, घाटातला ब्लॉक, मालगाडीचं बंद पडलेलं इंजिन, यातलं एक जरी आडवं आलं तरी सकाळची दुपार होते. कारनं जाणाऱ्यांनीही फुशारकी मारू नये. सातारा-कराड पट्ट्यातले डायव्हर्शन आणि शनिवारचा खंडाळा घाट ज्यानं भोगलाय, त्याला वेगळं सांगायला नको. जहाज शनिवारी असेल तर गुरुवारी रात्रीची गाडी पकडा. शुक्रवार मुंबईत काढा. एका मुक्कामाचा खर्च वाढतो, हे खरं. पण क्रूझच्या तिकिटाचे पैसे बुडण्यापेक्षा तो परवडला.

मुक्काम कुठे करायचा, इथे मी स्वतः फसलोय. पाहुणे डोंबिवलीला. त्यांनी आग्रह केला, आम्हालाही लॉजचे पैसे वाचवायचे होते. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मेगाब्लॉक! दोन ट्रॉली बॅगा, गुडघेदुखीची आई आणि लोकलच्या दारातली गर्दी. शेवटी टॅक्सी केली आणि चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचलो. त्या टॅक्सीच्या पैशात आणि आईच्या शिव्यांच्या मोबदल्यात फोर्टमधली चांगली खोली सहज आली असती. पाहुण्यांना परतीच्या वेळी भेटा. आदल्या रात्री फोर्ट, बॅलार्ड इस्टेट नाहीतर कुलाब्यातच राहा.

खोलीबाबत आणखी एक. गाडी सकाळी लवकर पोचते आणि खोली मिळते दुपारी बारा किंवा दोनला. आधी फोन करून लवकर खोली मिळेल का ते विचारा, निदान बॅगा ठेवून घ्यायला तरी सांगा. नाहीतर सीएसएमटीचं क्लोकरूम आहे, पण तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. कुलूप घरूनच लावून न्या, आणि गाडीचं तिकीट टाकून देऊ नका.

आता धक्क्याचा गोंधळ. घरातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते ‘भाऊचा धक्का’ म्हणणार. त्यांचंही चूक नाही, कोकणच्या बोटी तिथूनच सुटायच्या. आजही रेवसच्या लाँच आणि मांडव्याची रो-रो तिथूनच जाते. तरुण पोरं ‘गेटवे’ म्हणणार, कारण फोटोत तेच दिसतं. तिथे घारापुरीच्या बोटी मिळतात. क्रूझ मात्र बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर लागते. तीन ठिकाणं, तिन्ही मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोटीला जायचंय’ म्हटलं की तो यातल्या कुठेही नेऊ शकतो. तिकिटावर गेटचं नाव असतं, ते वाचून सांगा. सीएसएमटीतून लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूनं पी. डि’मेलो रोडला बाहेर पडलात तर बॅलार्ड इस्टेट अगदी जवळ आहे. इतक्या जवळच्या भाड्याला काही टॅक्सीवाले नाक मुरडतात, म्हणून बॅगा जड असतील तर अर्धा तास हाताशी ठेवा.

मधल्या दिवशी फिरण्याचा उत्साह आवरा. घारापुरी बघायचीच असेल तर आदल्या दिवशी सकाळी. बोटीला जायला तासभर, यायला तासभर, शिवाय लेण्यांच्या पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात. जहाजाच्या दिवशी तिकडे फिरकूच नका. त्या दिवशी पायी होईल तेवढंच. बॅलार्ड इस्टेट हीच बघण्यासारखी जागा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात वसवलेला हा भाग, आराखडा जॉर्ज विटेटचा, म्हणजे ज्यानं गेटवे आणि काळा घोड्याजवळचं वस्तुसंग्रहालय उभं केलं त्याचाच. मुंबईत इतकं शांत फिरता येतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

खाण्यापिण्याचं. शिदोरी आणि ठेच्याची बाटली तुम्ही नेणार, मला माहीत आहे. पण घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. शिदोरी गाडीतच संपवा. इस्त्री नेऊ नका, तीही काढून घेतात. आदल्या रात्री तिखटावर ताव मारून, वर जागरण करून जहाजात चढलात तर पहिल्या लाटेलाच समुद्र लागेल. उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची असते. डॉक्टरांना विचारून ती कोल्हापुरातच घ्या. रोजची औषधं आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीत पोचायला काही तास जातात.

ओळखपत्रावरून आठवलं. घरात, गल्लीत आणि तालमीत सगळे ‘बाळासाहेब’ म्हणतात, आधारवर असतं ‘दत्तात्रय’, आणि एजंटला तिकिटासाठी नाव सांगतो धाकटा भाऊ. तिकिटावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, हे निघायच्या आठवडाभर आधी बघा. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याची मुदत अजून सहा महिने शिल्लक असावी लागते.

एवढं करूनही उशीर झालाच, तर एजंटला नव्हे, थेट क्रूझ कंपनीच्या नंबरवर फोन करा. तो नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे असू द्या. ‘नाहीतर गोव्यात गाठू, आपल्याला मुंबईपेक्षा जवळच पडतं’ असलं डोकं मात्र लावू नका. प्रवाशांची यादी मुंबईतच पक्की होते. कंपनीनं आधी लेखी होकार दिला नसेल, तर मुरगावच्या गेटवरून सरळ आजऱ्यामार्गे घरी यायचं.