मंगळावरच्या भिंतीचा सराव, फोंड्याच्या अंगणात

मंगळावर पृथ्वीवरून सिमेंट नेणे परवडणारे नाही; यंत्रमानवाने तिथलीच माती वापरावी, हे तत्त्व फोंड्याच्या अंगणातही पडताळता येते. जांभ्या दगडाचे चिरे तासताना पडणारा तांबडा भुगा मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावा, कारण एखादा खडा राहिला तरी भिंतीचे थर ओतणाऱ्या यंत्रहाताच्या नळीचे तोंड तुंबते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोसोबत अवकाश-विटांसाठी वापरला तो गवारीचा डिंक त्यात मिसळून, पाणी बेताने घालत, भुगा कणकेसारखा घट्ट मळावा. यंत्रहात थर रचत असताना मध्ये हात घालू नये: मंगळापर्यंत संदेश जायला ३ ते २२ मिनिटे लागतात, त्यामुळे तिथे चूक यंत्रालाच ओळखावी लागते. पावसाळ्यात मात्र हा खटाटोप नको. आपल्या दमट हवेत थर लवकर वाळत नाही.