मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट: खुणा जुळवा, पण टॅपेट आधी ढिले करा

जुनी ८०० अजून बऱ्याच जणांच्या दारात उभी आहे. गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली, २०१४ ला बंद झाली, पण पार्ट मिळतात आणि बोनेट उघडलं की सगळं हाताला लागतं, त्यामुळे घरी काम करायला याच्यासारखी गाडी नाही. खाली जे सांगतोय ते कार्बोरेटरवाल्या ७९६ सीसी, ३ सिलिंडर, ६ व्हॉल्व्ह इंजिनाचं आहे, १२ व्हॉल्व्हवाली असेल तर तिचं मॅन्युअल बघूनच हात घाला.

टायमिंग बेल्ट म्हणजे खालच्या क्रँकने (पिस्टन फिरवतात तो दांडा) वरची कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारा दातेरी पट्टा. तो किती किलोमीटरला बदलायचा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, पण सेकंडहँड गाडी असेल आणि आधीच्या मालकाने कधी बदलला याचा पत्ता नसेल तर मीटरकडे बघतच बसू नका, सरळ बदलून टाका, कारण रबर नुसतं उभ्या गाडीतसुद्धा म्हातारं होतं. नवीन बेल्ट आणला की जुना काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवून दात मोजा, रुंदी बघा. दुकानदार 'सेम आहे साहेब' म्हणतो, तरी मोजा. आणि नवा बेल्ट दुमडायचा नाही, पिळायचा नाही, त्याला ऑइल, ग्रीस, पेट्रोल काही लागू द्यायचं नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. फॅन बेल्ट ज्या बाजूला आहे त्या बाजूचं पुढचं चाक काढा म्हणजे खालची पुली नीट दिसते, आणि गाडी नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली स्टँड लावा. मग स्पार्क प्लग तिन्ही काढून घ्या, कॉम्प्रेशन निघून गेलं की इंजिन पान्याने आरामात फिरतं, झटके देत नाही, आणि खूण जिथे थांबवायची तिथे थांबवता येते. त्यानंतर फॅन बेल्ट, वॉटर पंपाची पुली, क्रँकची बाहेरची पुली आणि बेल्टचं कव्हर. पुलीचा बोल्ट गंजून बसला असेल तर पाना अडकवून सेल्फ मारायची जी आयडिया काही लोक सांगतात ती करू नका, पाना उडून हातावर बसतो.

आता खुणा. दातेरी क्रँक पुलीवर एक ठिपका आहे, त्याच्यासमोर ऑइल पंपाच्या बॉडीवर बाण आहे. वर कॅमच्या पुलीवर खूण आहे आणि तिच्यासमोर आतल्या कव्हरवर व्ही आकाराची खाच. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. खालचा ठिपका बहुतेक वेळा ऑइल आणि मातीच्या थराखाली गाडलेला असतो, कापडाने पुसा आणि त्यावर व्हाइटनरचा किंवा नेलपॉलिशचा बारीक टिपका द्या. इंजिन फिरवायचं ते फक्त घड्याळाच्या दिशेने, पुलीकडून बघताना. खालची खूण जुळली पण वरची विरुद्ध बाजूला असेल तर घाबरू नका, क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, अजून एक पूर्ण फेरा द्या की येईल. आणि इग्निशन टायमिंगच्या खुणा वेगळ्या असतात, त्या बघून बेल्ट चढवू नका.

काही मेस्त्री काय करतात, जुना बेल्ट काढायच्या आधी बेल्टवर आणि पुलीवर पेंटने रेघा मारतात आणि नवा त्याच रेघांवर बसवतात. काम फास्ट होतं, मान्य, पण आधीच्या माणसाने एक दात चुकवला असेल तर तुम्ही तीच चूक नव्या बेल्टवर उतरवली की. खुणा कंपनीच्याच बघायच्या.

आता ते काम जे सगळे टाळतात. टॅपेट कव्हर उघडा आणि सगळ्या रॉकर आर्मचे (कॅमच्या धक्क्याने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांड्या) टॅपेट स्क्रू, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमीजास्त करणारे स्क्रू, पूर्ण ढिले करा, सहाच्या सहा. कारण असं की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत एका बाजूला ढकलत असतात, बेल्ट निघाला की कॅम स्वतःच थोडी सरकते, आणि नवा बेल्ट चढवला तरी ती तिकडेच रेटत राहते, मग टेन्शनरची (बेल्टला ताण देणारी पुली) छोटीशी स्प्रिंग बिचारी तेवढी ताकद लावू शकत नाही आणि ताण खोटा बसतो. हाताला बेल्ट टाइट लागतो, इंजिन फिरलं की ढिला. टॅपेट ढिले केले की कॅम मोकळी फिरते आणि स्प्रिंग बरोबर तेवढाच ताण देते जेवढा द्यायला हवा. अर्धा तास जास्त जातो, गॅरेजात तो अर्धा तास कोणाला परवडत नाही, घरी करताय तर द्या.

टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड ढिले करा, प्लेट वर ढकला, बेल्ट काढा. बेल्ट नसताना क्रँक आणि कॅम वेगवेगळे उगाच फिरवायचे नाहीत, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर येऊ शकतात. याच वेळी टेन्शनरची पुली हाताने फिरवून बघा, खरखर लागली किंवा हलली तर बदला, आणि क्रँक सील, कॅम सील यांच्याखाली ऑइलचा ओलावा असेल तर सीलही आत्ताच घाला. ऑइल लागलेला नवा बेल्ट म्हणजे वाया गेलेले पैसे.

नवा बेल्ट चढवताना त्यावर बाण असतील तर ते फिरण्याच्या दिशेने ठेवा. टेन्शनरची प्लेट वर ढकललेली असू दे, आधी खालच्या पुलीवर घाला, मग टेन्शनर नसलेली बाजू ताणून धरत वरच्या पुलीवर. ती बाजू सरळ ताठ हवी, जी काही ढील आहे ती सगळी टेन्शनरकडे. मग टेन्शनर सोडा, स्प्रिंगला तिचं काम करू दे, आणि पान्याने क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, थांबा, काढा, परत बघा. खूण थोडी पुढे गेली तर उलटं फिरवून आणू नका, उलट्या फिरवण्याने ढील चुकीच्या बाजूला जाते, परत दोन फेरे द्या. मग आधी टेन्शनरचा स्टड टाइट, नंतर बोल्ट.

दोन फेऱ्यांनंतर खुणा परत बघा. इथे एक गंमत होते, वरून वाकून बघितलं की खालचा ठिपका अर्धा दात बाजूला दिसतो आणि माणूस बेल्ट काढायला घेतो. मोबाइल पुलीच्या बरोबर समोर धरून फोटो काढा आणि फोटोत बघा. एक दात खरंच चुकला असेल तर गाडी चालू होते बरं का, म्हणून लोक फसतात, पण पिकअप मरतो, आयडलिंग डगमगतं, चढाला सेकंडवर यावं लागतं, आणि मग कार्बोरेटर साफ करण्यात आठवडा जातो.

खुणा बरोबर असतील तर टॅपेट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मॅन्युअलच्या मापाप्रमाणे सेट करा, थंड इंजिनावर, ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत त्याचे. मग कव्हर, पुल्या, फॅन बेल्ट, प्लग. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) काढलेला नसला तरी कॅमवरूनच चालतो, म्हणून शेवटी इग्निशन टायमिंग एकदा टायमिंग लाइटने चेक करून घ्या. स्टार्ट केल्यावर बारीक शिट्टी आली तर बेल्ट जास्त ताणलाय, कव्हरवर फटफट आपटल्याचा आवाज आला तर ढिला आहे, दोन्हीत लगेच बंद करून कव्हर परत उघडा. सगळं शांत असेल तर तारीख आणि किलोमीटर मार्करने टायमिंग कव्हरवर लिहून ठेवा.