पदवी झाली, लॉ स्कूलला वर्ष आहे: कोकणातून अमेरिकेत आलेल्यांसाठी

इथे पदवी घेतलेल्या आणि पुढे वकिलीचं डोक्यात असलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतं आणि विचारतं, ताई, मधलं वर्ष कसं घालवू? त्याच्या आधीचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: ते वर्ष इथे काढायचं की गावी? हे पदवीच्या आधीच्या हिवाळ्यातच ठरवा, कारण नंतर ते तुमच्या हातात राहत नाही.

इथे राहायचं तर ओपीटी, म्हणजे शिक्षण झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयात काम करायची परवानगी. अर्ज शिक्षण संपायच्या 90 दिवस आधीपासून करता येतो, संपल्यावर 60 दिवसांपर्यंत, आणि तो अमेरिकेत असतानाच करायचा. ‘आधी घरी जाऊन येतो, मग बघू’ म्हणून आंब्याला गेलेल्याची या पदवीवरची ओपीटी तिथेच संपते. (जेडीनंतर, म्हणजे इथल्या वकिलीच्या पदवीनंतर, पुन्हा एक वर्ष मिळतं, म्हणजे आभाळ कोसळत नाही.) ओपीटी 12 महिन्यांची. त्यात बिनकामाचे दिवस सगळे मिळून 90 च्या वर जाता कामा नयेत, आणि मोजणी नोकरी सुटल्यापासून नाही, ओपीटीच्या कार्डावरच्या पहिल्या तारखेपासून होते. नोकरी नसताना गणपतीला गावी गेलात तर ते दिवसही त्यात धरले जातात. नोकरी असेल तर रजेचं पत्र लेखी घ्या, आय-ट्वेंटीवरची (कॉलेज व्हिसासाठी देतं त्या दाखल्यावरची) प्रवासाची सही सहा महिन्यांच्या आतली ठेवा, आणि खुशाल आरतीला उभे राहा.

डिसेंबरात पदवी घेणाऱ्यांनी इथे नीट बघा. लॉ स्कूल ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. ओपीटी संपणं आणि नवा अभ्यासक्रम सुरू होणं यांत पाच महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. जानेवारीत सुरू झालेली ओपीटी पुढच्या जानेवारीत संपते, तिथून ऑगस्ट सात महिने लांब. मग देश सोडा, नवी आय-ट्वेंटी घ्या, सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) 350 डॉलर पुन्हा भरा, व्हिसाच्या रांगेत पुन्हा उभे राहा. सुरुवातीची तारीख शिक्षण संपल्यावरच्या 60 दिवसांत कुठलीही निवडता येते, ती शक्य तितकी पुढची निवडली की अंतर तेवढं कमी होतं. मे महिन्यात पदवी घेणाऱ्यांना हा ताप नाही.

आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. नव्वद दिवस भरत आले की मंडळातला कुणीतरी काका तुम्हाला बाजूला घेतो. ‘माझ्या ओळखीची एक कन्सल्टन्सी आहे, ऑफर लेटर देते, काम काही नाही.’ हे करू नका. काका वाईट नसतात, आपली माणसं अडल्यानडल्याला धावून येतात हे मी कितीदा अनुभवलंय. पण त्यांची सगळी हयात कॉम्प्युटरमध्ये गेली, वकिलीच्या वाटेवर कागद कसे तपासतात याची त्यांना कल्पना नाही. लॉ स्कूलच्या अर्जात वर्तनाबद्दल थेट प्रश्न असतात. तीन वर्षांनी बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या वेळी ‘कॅरेक्टर अँड फिटनेस’ची चौकशी होते, त्यात कुठे राहिलात, कुठे काम केलंत, कुणाच्या हाताखाली, सगळं लिहून द्यायचं. कागदावरच्या नोकरीचं तिथे काय लिहिणार? खरं लिहिलंत तर इमिग्रेशनशी खोटं बोलल्याची कबुली, खोटं लिहिलंत तर बारशी खोटं. तीन वर्षांची फी आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज त्या एका पत्रापायी बुडू शकतं. पुन्हा सांगते, नोकरी नसेल तर बॅग भरा आणि घरी जा. घरी जाण्यात कसलाच कमीपणा नाही.

बिनपगारी कामही चालतं, आठवड्याला किमान 20 तास असेल आणि तुमच्या विषयाशी संबंधित असेल तर. राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्रवाल्यांना पॅरालीगलची (वकिलाच्या मदतनिसाची) किंवा कायदेविषयक मदतकेंद्रातली जागा विषयात बसवता येते. कॉम्प्युटर किंवा बायोवाल्यांनी पेटंटचं काम करणारी ऑफिसं शोधावीत.

गावी वर्ष काढणार असाल तर मी म्हणेन, फार बरं. पण पडवीत बसून एलसॅटची (लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची) पुस्तकं चाळण्यात आणि ‘काय रे, हल्ली काय करतंस?’ला उत्तरं देण्यात ते घालवू नका. तालुक्याच्या कोर्टात एखाद्या जुन्या वकिलाकडे रोज जाऊन बसा. सुरुवातीला तुम्हाला फक्त तारखा लिहायला आणि चहा सांगायला लावतील, ते करा. मग सातबारे वाचायला शिका. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर नावांची ही रांग, निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद कुणी केलेली नाही, आणि बागेत राबणारा भलताच. त्यामागे 1948 चा कुळकायदा आहे, 1949 चा खोती नष्ट करणारा कायदा आहे, आणि त्याच्याही आधी 1937 मध्ये खोती बंद करण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेलं विधेयक आहे. त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगडात. किनाऱ्यावर राहत असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम बघा: 1991 ची अधिसूचना, मग 2011, मग 2019. शेजाऱ्याच्या होमस्टेला परवानगी का अडली ते त्यातून कळेल. मासेमारीची भांडणं तर दारातच आहेत, 1981 चा कायदा आणि पर्ससीन जाळ्यांचा वाद बंदरावर कुणालाही विचारा. जून-जुलैत बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं बोलायला मोकळी असतात.

रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे विधी स्वयंसेवक व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांची हायकोर्टाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलीत. वकीलसाहेब घाट चढून निघाले की त्यांच्याबरोबर जा, मागच्या बाकावर बसून ऐका. एवढं पाहिल्यावर अर्जातला निबंध लिहायला नारळाची झाडं आणि आजीची माया लागत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. लॉ स्कूलचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास उघडतात आणि बहुतेक ठिकाणी येतील तसे वाचले जातात, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत पाठवलेले बरे. मे महिन्यात पदवी घेतलेल्याच्या हाती तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं काम असतं. म्हणून काम जूनमध्येच सुरू करा. एलसॅट शक्यतो पदवीच्या आधीच देऊन टाका, 2024 च्या ऑगस्टपासून त्यातली लॉजिक गेम्स गेली आहेत, तेव्हा दादाची जुनी पुस्तकं दादाला परत करा. प्राध्यापकांची शिफारसपत्रंही कॅम्पस सोडण्याआधीच मागा.

पैशाचं थोडक्यात: सरकारी विद्यार्थी कर्ज आपल्याला मिळत नाही. खासगी कर्जाला बहुधा इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो, आणि तो जामीन नात्यातल्या कुणाकडे मागण्याआधी दहादा विचार करा, त्यावरून तुटलेली घरं मी पाहिली आहेत. गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या मात्र खुल्या असतात, त्यासाठी एलसॅटमधले दोन-चार गुण वाढवण्यात घातलेला महिना वाया जात नाही. जेडी ‘स्टेम’मध्ये, म्हणजे ओपीटी वाढवून मिळणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत, मोडत नाही, म्हणजे नंतर एकच वर्ष मिळणार, हे घरी आधीच सांगून ठेवा.

गावी असलेल्यांनी आय-ट्वेंटी आली की त्याच दिवशी व्हिसाचा अर्ज भरावा. मुलाखत मुंबईत, बीकेसीला. मे महिन्यात चाकरमानी परतत असतात आणि कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडून लगेच भरतं, म्हणून मुलाखतीची तारीख हाती पडली की पहिलं काम तिकिटाचं, आणि तेही आदल्या रात्रीच्या गाडीचं नको, दोन दिवस आधीच्या गाडीचं.