शाबाथला कुणाच्या घरी जाताय? मग हे शब्द आणि रीती आधी माहिती करून घ्या

आमच्या नाशिकरोडच्या शेजारच्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. पहिल्यांदा त्यांनी शुक्रवारी शाबाथच्या, म्हणजे ज्यूंच्या दर आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, जेवणाला बोलावलं तेव्हा मी नाशिकचीच वाइन घेऊन गेलो, आपल्या गावची वस्तू म्हणून. मावशींनी ती प्रेमाने घेतली पण किद्दुश या शाबाथच्या प्रार्थनेला वापरली नाही. कारण वाइन कोशेर, म्हणजे धर्माप्रमाणे चालणारी हवी असेल तर द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत सगळं काम धर्म पाळणाऱ्या ज्यूंच्याच हातून व्हावं लागतं.

मग त्यांनी काय केलं, तर काळ्या मनुका आधीच भिजत घातल्या होत्या, त्या पाण्यात उकळून, हाताने कुस्करून फडक्यातून गाळल्या आणि ते सरबत पेल्यात ओतलं. बेने इस्राएल घरांमधली ही जुनी रीत आहे. त्यामुळे तुम्ही जाणार असाल तर बाटली नको, मावशींना फोन करून विचारा आणि पावशेर चांगल्या मनुका न्या, नाशिककराला त्यात काय अवघड.

तर किद्दुश म्हणजे दिवस पवित्र करायची प्रार्थना. पेला हातात धरून बेराखा म्हणतात, म्हणजे देवाचे आभार, त्याचा शेवट 'बोरे पेरी हागाफेन', द्राक्षवेलीचं फळ घडवणारा. संपल्यावर सगळे 'आमेन' म्हणतात, तुम्हीही म्हटलं तर चालतं, पण मधे बोलू नका.

शाबाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, दिवे त्याच्या आधीच लागतात, एकदा शाबाथ लागला की काडी ओढायची नाही, म्हणून वेळेआधी पोचा. दारात उजव्या चौकटीवर एक छोटी नळी दिसेल, ती मेझुझा, आत चामड्यावर हाताने लिहिलेला 'शेमा' असतो (देव एकच आहे हे सांगणारा). घरचे तिला बोटं लावून ओठांना लावतात, तुम्ही नाही लावलं तरी काही बिघडत नाही. आत गेल्यावर 'शाबाथ शालोम' म्हणा. पैशाचं पाकीट देऊ नका, फोटो काढू नका, मोबाईल गप्प ठेवा.

जेवणात पापलेट असेल, कोळंबी खेकडे नसतील, कारण पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो. मटणासोबत दूध दही नसतं, म्हणून नारळाच्या दुधावर भर.

मलिदा असेल तर नक्की जा. लग्न, नवस, नवं घर असलं की एलियाहू हन्नबी या प्रेषिताची आठवण करून हा करतात, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि त्यावर फळं. इथे एक बारीक गोष्ट बघा, मला ती फार आवडते. झाडाच्या फळावर 'हाएत्स'ची बेराखा म्हणतात पण केळ्यावर 'हाअदामा'ची, म्हणजे जमिनीच्या पिकाची, कारण केळीचं खोड दरवर्षी राहणाऱ्या झाडासारखं नसतं. प्रत्येक फळ हातात घेऊन आधी बेराखा मग खाणं, त्यामुळे ताट समोर आलं की लगेच हात घालू नका.

सणांची नावं मराठीच आहेत, नव्याचा सण म्हणजे रोश हशाना (ज्यूंचं नवं वर्ष), दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस, त्या दिवशी उपास असतो, जेवायला बोलवू नका), बिरड्याचा रोजा म्हणजे तिशा बेआव (जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा उपास).

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायचं तर ठाण्याचं शार हाशमाईम, 1879 चं, नाहीतर पुण्याचं 1867 चं ओहेल डेव्हिड, ज्याला सगळे लाल देऊळ म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी सिनेगॉगला 'मशीद' हा शब्द येतो, दचकू नका. आधी कळवा, ओळखपत्र ठेवा, पुरुषांनी डोकं झाका, रुमाल बांधला तरी चालतो. तेफिला म्हणजे प्रार्थना, आणि पूर्ण तेफिलेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, लहान वस्तीत हे दहा जमवणंच किती कठीण असतं ते मावशींच्या तोंडून ऐका.

शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की शाबाथ सुटतो, मग हवदाला, म्हणजे शाबाथला निरोप द्यायचा विधी, होतो, दिवा लावतात, सुगंधी काहीतरी हुंगतात (मावशी लवंग घेतात), आणि मग 'शावुआ तोव', चांगला आठवडा जावो. त्या वेळेनंतर फोन करा, त्या उचलतील.