दुकानाच्या काचेत चित्रं लावायचीत? आधी दुकान बघा, चित्र नंतर निवडा

साताऱ्यात चित्रं काढणारी माणसं कमी नाहीत, पण ती दाखवायची म्हटली की हॉल भाड्याने घ्या, फ्लेक्स छापा आणि शेवटी बघायला कोण तर आपलेच पाहुणे, तेही चहा पिऊन जाणार. औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ साली म्युझियम उभं केलं, रविवर्मा, धुरंधर सगळे तिथे आहेत, पण त्यासाठी मुद्दाम औंधला जावं लागतं. राजपथावर किंवा कर्मवीर पथावर मात्र लोक भाजी, औषधं, मुलांचे युनिफॉर्म अशा कामांसाठी जाणारच असतात, त्यामुळे तिथल्या दुकानाच्या काचेत चित्र असलं तर बोलवायला कुणाला जायला नको.

फक्त आपल्याकडे निम्म्या दुकानांना काचच नसते, शटर वर केलं की थेट काउंटर. म्हणून आधी संध्याकाळी एक चक्कर मारा आणि नऊ-साडेनऊनंतर परत एक मारा, दुसऱ्या चकरेत कळतं की कुणाची काच शटरच्या आत आहे आणि कुणाची बाहेर, किंवा कुणाचं शटर जाळीचं आहे. रात्रीही दिसणारी काच मिळाली तर सोडू नका. चष्म्याची दुकानं, फोटो स्टुडिओ, रेडिमेड कपड्यांची दुकानं चांगली. मोती चौकातल्या पेढेवाल्यांकडे गर्दी कितीही असू दे, लोकांचं लक्ष पेढ्यांकडे असतं, शिवाय तुपाचे हात.

वेळ कुठली? दसरा-दिवाळीला आणि लग्नसराईत कुणीही काच देणार नाही, विचारूच नका. आषाढात दुकानदार रिकामा असतो पण साताऱ्याचा पाऊस, कागदावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. माझं मत पौष, लग्नं नसतात, गिऱ्हाईक कमी आणि हवा कोरडी. साडीवाले तेवढे संक्रांतीपर्यंत काळ्या साड्या लावतात, त्यांच्याकडे संक्रांत झाल्यावर जा.

पण पौषात एक भानगड आहे ती म्हणजे ऊन. राजपथ साधारण पूर्व-पश्चिम जातो, म्हणजे ज्या दुकानांचं तोंड अजिंक्यताऱ्याकडे ती दक्षिणेकडे बघतात, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे भर दुपारीसुद्धा जेमतेम पन्नास अंशांवर असतो, मग उन्हाळ्यात सावली देणारा छज्जा आता उपयोगाचा नाही आणि ऊन थेट काचेत. म्युझियमवाले कागदावरच्या चित्राला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड ठेवतात, आणि भर उन्हाचा उजेड लाखाच्या घरात जातो. साधी काच सगळे अतिनील किरण काही अडवत नाही, वॉटरकलर आणि स्केचपेनची शाई तर डोळ्यांदेखत फिकी पडते. म्हणून अजिंक्यताऱ्याकडे तोंड असलेल्या दुकानात ओरिजिनल लावायचंच नाही, चांगली प्रिंट लावा आणि ओरिजिनल आत काउंटरमागे ठेवा. समोरच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड असलेल्या दुकानात कॅनव्हासवरचं अॅक्रेलिक बिनधास्त चालेल.

चित्र कुठलं निवडायचं हे आता. दिवसा काचेत समोरचा रस्ता, रिक्षा, आपलं स्वतःचं तोंड सगळं दिसतं, त्यात गडद चित्र हरवून जातं, त्यामुळे उजळ रंगांचं आणि ठळक आकाराचं घ्या. फ्रेमला वेगळी काच असेल तर काढून टाका, काचेमागे काच म्हणजे डबल चकाकी. बारीक रेघांची पेनची चित्रं इथे वाया जातात, ती दुसरीकडे दाखवा. आणि एका काचेत एकच मोठं, फार तर दोन. सगळी बाडं एकदम लावायचा मोह होतो पण मग ते स्टेशनरीचं दुकान वाटतं.

टांगायला तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा पारदर्शक दोरा, वापरा, लांबून दिसत नाही, पण गाठ सुटते म्हणून गाठ डबल मारा आणि वजनदार कॅनव्हासला बारीक तार घ्या. भिंतीला खिळा मारण्याआधी विचारा, बहुतेक वेळा वर पडद्याचा पाइप असतोच. काचेला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. उंची बाहेर रस्त्यावर उभं राहून ठरवा, आतून नाही, कारण आपली दुकानं दोन-तीन पायऱ्या वर असतात आणि आतून बरोबर वाटलेलं चित्र बाहेरून डोक्यावर जातं. चित्राचा मध्य रस्त्यापासून पाच फुटांच्या आसपास आला की झालं. लाइटला एलईडी, हॅलोजन नको, तापतो. सकाळी दुकानात उदबत्ती कुठे लावतात तेही बघून घ्या.

दुकानदाराकडे बोहनी व्हायच्या आधी जाऊ नका. मोबाइलवर त्याच्याच काचेचा फोटो काढून त्यात चित्र बसवून दाखवा आणि सरळ बोला, "काका, डावीकडचा कोपरा पंधरा दिवस द्या, लावायचं-काढायचं आमचं, तुमचा माल झाकणार नाही." प्रदर्शन, उपक्रम असले शब्द काढले की काका म्हणणार मुलाला विचारून सांगतो, म्हणजे नाही.

हो म्हणाले की ओळखीचे असले तरी एक कागद करा. कुठली चित्रं, किंमत किती, कुठल्या तारखेला काढणार, फुटलं-फाटलं तर कुणाचं, विकलं तर दुकानाला काही द्यायचं का. आणि एक ओळ अशी की चित्राचा फोटो दुकानाच्या जाहिरातीत वापरायचा तर चित्रकाराला विचारायचं, कारण ओरिजिनल विकलं तरी कॉपीराइट आपोआप जात नाही, तो लेखी द्यावा लागतो.

पाटी मराठीत, मोठ्या अक्षरात, नाव, गाव, किंमत. किंमत लिहायला लाजू नका, न लिहिल्यावर लोक महागच धरतात. चित्रकार मुलगी असेल तर तिचा मोबाइल नंबर काचेवर नको, दुकानाचा नंबर किंवा इन्स्टाचा क्यूआर द्या, नाहीतर चित्र सोडून भलतेच फोन.

ठरलेल्या तारखेला चित्र उतरवा, काकांनी "राहू दे अजून" म्हटलं तरच वाढवा. टेपचा चिकटा राहिला तर खोबरेल लावून थोडं थांबा आणि पुसून घ्या, आणि काच पुसता पुसताच पुढच्या पौषाचं विचारून टाका.