अमेरिकेत प्रीमेडचे विषय कम्युनिटी कॉलेजमधून कसे करावेत : सांगली-साताऱ्याच्या घरांसाठी

सांगली-मिरजेकडे ‘मेडिकलला जाणे’ म्हणजे बारावी, नीट आणि प्रवेशफेऱ्या, हे समीकरण इतके पक्के आहे की अमेरिकेत ही वाट दुसऱ्याच ठिकाणाहून सुरू होते, हे सांगूनही घरच्यांना पटकन पटत नाही. तिथे एमडी (आपल्याकडच्या एमबीबीएसच्या जागी असलेली डॉक्टरकीची पदवी) हा पदवीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आधी कोणत्याही शाखेची पदवी, तिच्या जोडीला ठरावीक विज्ञान विषय, मग एमकॅट ही परीक्षा आणि त्यानंतर अर्ज, असा तो क्रम असतो. हे ठरावीक विषय, म्हणजेच प्रीमेडचे प्रीरिक्विझिट, मोठ्या विद्यापीठात न घेता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक कॉलेजमध्ये, कमी खर्चात घेता येतात का, असा प्रश्न माझ्या भाचीने लग्नानंतर तिकडे गेल्यावर विचारला, आणि त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे क्रमाने लिहीत आहे. ज्यांचे एमबीबीएस भारतात झाले आहे त्यांची वाट यूएसएमएलई या, डॉक्टरांच्या परवान्यासाठीच्या परीक्षांची. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

पहिला विचार व्हिसाचा करावा, कारण पुढचे सारे गणित त्यावर उभे आहे. एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असलेली व्यक्ती पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, हवे तसे शिकू शकते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मात्र प्रत्येक नियमित सत्रात साधारण १२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) घ्यावे लागतात आणि त्यात ऑनलाइन विषयाला फारच थोडी मुभा असते. शिकण्याला अडचण नसली तरी पुढे प्रवेशाला ती येते. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांचे अर्ज वैद्यकीय महाविद्यालये सर्वसाधारणपणे स्वीकारतात. इतर व्हिसावरील अर्जदारांना कित्येक महाविद्यालये विचारातच घेत नाहीत, आणि जिथे घेतात तिथेही सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. नोकरीच्या मार्गाने मिळणाऱ्या ग्रीन कार्डासाठी भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे, हे तिकडे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून ज्या दिवशी कम्युनिटी कॉलेजचा अर्ज भरायचा, त्याच्या आधीच्या आठवड्यात आपल्या राज्यातील पाच-सहा वैद्यकीय महाविद्यालयांची संकेतस्थळे उघडून तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत: आपल्या व्हिसावर अर्ज चालतो का, परदेशी पदवी चालते का, आणि कम्युनिटी कॉलेजचे विज्ञान विषय चालतात का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयागणिक बदलते. काही ठिकाणी हे विषय निःसंकोच स्वीकारतात, काही ठिकाणी चार वर्षांच्या विद्यापीठातून केलेले बरे असे लिहिलेले असते.

दुसरा प्रश्न आपल्याकडच्या पदवीधरांना सर्वाधिक अडवतो. शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाली असली तरी एमडीच्या बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज ज्या एएमकॅस या सामायिक यंत्रणेतून जातात, ती परदेशी महाविद्यालयातील गुणांची पडताळणी करत नाही. विलिंग्डनमध्ये तीन वर्षे केलेले रसायनशास्त्र तिच्या हिशेबात श्रेणी म्हणून धरले जात नाही. कित्येक वैद्यकीय महाविद्यालये अमेरिकेतील किंवा कॅनडातील पदवीच मागतात, तर काही ठिकाणी परदेशी पदवीवर तिथल्या ठरावीक क्रेडिटची भर चालते. कम्युनिटी कॉलेज साधारणपणे दोन वर्षांची असोसिएट पदवी देते. त्यामुळे अमेरिकी पदवी लागणार असेल तर जवळच्या राज्य विद्यापीठात पुढे जाण्याची योजना पहिल्याच सत्रात आखावी आणि कोणता विषय तिकडे कशाच्या बदल्यात धरला जाईल याचा दोन्ही संस्थांमधील करार पाहून ठेवावा. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि तिथे ही माहिती ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर विषयवार मिळते.

विषय कोणते, हे तुलनेने सरळ आहे. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे चारही प्रत्येकी दोन सत्रांचे आणि प्रयोगशाळेसह. एक सत्र जीवरसायनशास्त्र. शिवाय इंग्रजी लेखन आणि सांख्यिकी. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र पुष्कळ ठिकाणी सक्तीचे नसतात, पण एमकॅटमध्ये त्यांच्यासाठी एक अख्खा विभाग आहे, म्हणून ते घ्यावेत. प्रयोगशाळेसह एक विषय बहुधा चार क्रेडिटचा असतो.

खरी मेख क्रमात आहे. सामान्य रसायनाची दोन सत्रे झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनाला बसता येत नाही, आणि सेंद्रिय रसायन झाल्याशिवाय बहुतेक ठिकाणी जीवरसायनाला. म्हणजे इतर विषय कितीही भराभर उरकले तरी रसायनाची ही साखळीच पाच सत्रे घेते. तिथे मुख्य सत्रे दोन, ऑगस्टअखेर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मे. उन्हाळी सत्रात एखादा विषय घेता आला तरच साखळी दोन वर्षांत बसते. या साखळीच्याही आधी गणिताची एक पायरी असते. महाविद्यालयीन बीजगणितापर्यंतची तयारी दाखवल्याशिवाय सामान्य रसायनाची नोंदणी उघडत नाही, आणि आपली बारावी कितीही गुणांची असली तरी ती आपोआप धरली जात नाही. पातळी ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा द्यावी लागते किंवा जुनी कागदपत्रे दाखवून सूट मागावी लागते. माझ्या भाचीने पहिल्या सत्रात उत्साहाने मानसशास्त्र, इंग्रजी आणि जीवशास्त्र घेतले आणि गणिताची परीक्षा पुढे ढकलली. रसायन एका वर्षाने मागे गेले, कारण पहिला भाग तिच्या कॉलेजात फक्त ऑगस्टमध्येच सुरू होत असे. तेव्हा पहिल्या सत्रात रसायन घ्यायचेच, त्याच्याभोवती बाकीचे बसवायचे.

एका सत्रात प्रयोगशाळेचे दोन विषय पुरेत. लहान मूल असलेल्या किंवा नोकरी करणाऱ्या व्यक्तीने तर एकापासूनच सुरुवात करावी, कारण इथे एटीकेटीसारखी सोय नाही. विषय पुन्हा देता येतो, पण एएमकॅसच्या सरासरीत दोन्ही वेळच्या श्रेणी धरल्या जातात, आणि जीवशास्त्र, रसायन, भौतिक व गणित यांची वेगळी सरासरीही काढली जाते. अमेरिकेतील ज्या ज्या कॉलेजात नाव नोंदवले त्या प्रत्येकाचे गुणपत्रक द्यावेच लागते. एक विषय घेऊन सोडून दिलेले कॉलेज लपवता येत नाही. सत्राच्या सुरुवातीच्या काही दिवसांत विषय सोडला तर नोंद राहत नाही, नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ असा शेरा कायमचा राहतो. ही मुदत कॉलेजच्या वेळापत्रकात छापलेली असते. ती पाहून ठेवावी. प्रयोगशाळा शक्यतो प्रत्यक्ष हजर राहूनच करावी, कारण ऑनलाइन प्रयोगांबाबत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाचे मत वेगळे आहे.

फी ही कम्युनिटी कॉलेजची मोठी जमेची बाजू, पण ती राज्यातील रहिवाशाच्या दराने लागली तरच. रहिवासी कोणाला म्हणायचे, याचे नियम राज्यागणिक वेगळे असून त्यात व्हिसाचा प्रकार आणि वास्तव्याचा काळ पाहिला जातो. भाडेकरार, वीजबिल, वाहन परवाना यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून जपाव्यात. दुसरी जमेची बाजू कमी बोलली जाते. मोठ्या विद्यापीठात शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात बसावे लागते, तर येथे वर्ग बहुधा लहान आणि प्राध्यापक नावाने ओळखणारे असतात. एमडीच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी विज्ञानाच्या दोन आणि इतर विषयाच्या एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र लागते. आपल्याकडे सरांकडे शंका घेऊन जाण्याचा संकोच असतो. तिथे त्यासाठी ठरलेली वेळच असते आणि तिथे नियमित जाणाऱ्याचेच पत्र जिवंत उतरते. रात्रीच्या वर्गांत नोकरदार, सैन्यातून परतलेले, मुले शाळेत घालून आलेल्या आया असे सारे एकत्र बसतात. कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येते, त्यापासून हे वातावरण फार लांब नाही.

तरीही सर्व विज्ञान येथेच संपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ कम्युनिटी कॉलेजांत जीवरसायन नसतेच. ते आणि शरीरक्रियाशास्त्र किंवा अनुवंशशास्त्र यांपैकी एखादा वरच्या पातळीचा विषय चार वर्षांच्या विद्यापीठात घेऊन तिथेही चांगली श्रेणी मिळवली, तर कम्युनिटी कॉलेजच्या श्रेणीवर शंका घेण्यास जागा राहत नाही.

एमकॅट जीवरसायनानंतरच द्यावी. परीक्षा चार विभागांची, २३० प्रश्नांची आणि मधल्या सुट्ट्या धरून जवळजवळ साडेसात तासांची असते; गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. तिचा वाचनाचा विभाग मराठी माध्यमातून आलेल्यांना सर्वांत जड जातो, आणि तो पाठांतराने सुटत नाही. अर्ज मेमध्ये उघडतो, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस दाखल करता येतो, आणि प्रत्यक्ष प्रवेश पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिळतो. म्हणजे शेवटची परीक्षा आणि पहिला तास यांत वर्षाहून अधिक अंतर पडते. ते रुग्णसेवेच्या अनुभवासाठी वापरावे, मात्र काम बिनपगारी असले तरी व्हिसाच्या अटी आधी तपासाव्यात.

आता सांगलीत बसलेल्यांचे काम. शिवाजी विद्यापीठातून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट काढण्यासाठी कोल्हापूरला जावे लागले तर प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिकेची प्रत आणि अधिकारपत्र सोबत असावे. भारतीय पदवीचे अमेरिकी पद्धतीने मूल्यमापन करून घेताना विषयवार अहवाल मागावा, नुसत्या समकक्षतेचा नव्हे. जुन्या अभ्यासक्रमाच्या छापील प्रतीही मिळवून पाठवाव्यात, कारण गणिताची पायरी माफ होते ती बहुधा त्यांच्याच जोरावर. ट्रान्सक्रिप्टचे मोहोरबंद पाकीट मात्र फोडू नये. आमच्या घरी ते कौतुकाने देवापुढे ठेवून फोडले गेले आणि कोल्हापूरची दुसरी खेप करावी लागली.