बोडोनी वापरताय? या चुका टाळा

सराफाचं दुकान असो, बुटीक असो की लग्नपत्रिका, गिऱ्हाइक ‘जरा क्लासी करा’ म्हणालं की डिझायनरचा हात थेट बोडोनीवर जातो. जाऊ दे, फॉन्ट देखणाच आहे. इटलीतल्या पार्माच्या जांबात्तिस्ता बोडोनीनं (१७४०–१८१३) उभ्या रेघा भरदार ठेवल्या, आडव्या केसाइतक्या बारीक केल्या. त्याचा सगळा तोरा या फरकात आहे, आणि छपाईत घातही तिथेच होतो.

माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे बारीक टाइपात बोडोनी, तोही रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद रंगावर पांढरी अक्षरं. एका दुकानाची व्हिजिटिंग कार्डं मालकाच्या भाच्यानं केली होती. चार रंगांचा काळा, त्यावर ६ पॉइंटची पांढरी अक्षरं. स्क्रीनवर झूम करून बघितलं, स्वारी खूश. प्रूफ काढायला वेळ कोणाला? कार्डं आली तेव्हा इंग्रजी छोट्या ‘ई’मधली (e) आडवी रेघ शाईनं गिळली होती आणि ईमेलमधला प्रत्येक ‘ई’ ‘सी’ (c) झाला होता. शिव्या खाल्ल्या मशीनवाल्यानं. त्या बिचाऱ्यानं काय करायचं? चार रंगांच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी एवढी बारीक रेघ भरणारच.

बोडोनीनं मापागणिक वेगळे पंच (अक्षराचे धातूचे ठसे) कोरले; लहान मापात बारीक रेघ तुलनेनं जाड ठेवली. आयटीसी बोडोनी या आजच्या फॉन्टमध्ये म्हणूनच ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी वेगळी रूपं आहेत. गूगलवरच्या फुकट ‘बोडोनी मोडा’तही ऑप्टिकल साइझची, म्हणजे मापानुसार रेघांची जाडी बदलण्याची, सोय आहे. तरी लोक ७२चं रूप उचलून पत्त्याला लावतात. मी १० पॉइंटच्या खाली बोडोनी लावतच नाही. नाव बोडोनीत, पत्ता-फोन साध्या सॅन्समध्ये (टोकांना शेपट्या नसलेल्या फॉन्टमध्ये), रिव्हर्स असेल तर नुसता काळा. आणि फाइल पाठवण्याआधी खऱ्या मापाची प्रिंट काढून हातभर लांब धरतो.

काही हुशार मंडळी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराला आउटलाइन देऊन रेघ ‘जाड’ करतात. त्यानं जाड रेघही फुगते, आतल्या जागा बुजतात. असं करायचं असेल तर दुसरा फॉन्ट घ्या ना.

कॅपिटल अक्षरं चिकटवून लावू नका, मोकळी सोडा. मोबाइलवरच्या लांबलचक मजकुराला बोडोनी नकोच. खरखरीत कागदावर फॉइल मारणार असाल तर आधी एक नमुना मारून घ्या.

मराठीशी जोडी लावताना जास्त गोंधळ होतो. बोडोनीला ‘मॅचिंग’ म्हणून शिरोरेखाच केसासारखी करतात. रोमनमध्ये आडवी रेघ बारीक झाली तर अक्षर उभ्या खांबांवर तगतं. आपल्याकडे शिरोरेखा पुसट झाली की शब्दच विस्कटतो. मी मध्यम वजनाची देवनागरी घेतो, शिरोरेखा स्पष्ट ठेवतो, आणि अक्षरांची उंची आकड्यावर न जाता डोळ्यांनी जुळवतो. सारखा पॉइंट साइझ टाकला तर दोन्ही लिप्या सहसा एका मापाच्या दिसत नाहीत.